फ्रान्समध्ये कचऱ्याच्या डब्याला ज्यांचं नाव पडलं, ते यूजेन पुबेल कोण होते?

आपोआप उघडणारं झाकण, डबा भरला की पालिकेला जाणारा मेसेज. स्मार्ट डस्टबिनचे असे व्हिडीओ तुम्ही पाहिले असतीलच. पण लोकांची सवय बदलायची तर आधी डबा नीट आखायला हवा, हे 140 वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका अधिकाऱ्याने ओळखलं होतं. त्यांचं नाव यूजेन पुबेल.

पुबेल यांचा जन्म 1831 चा, नॉर्मंडीतल्या काँ शहरातला. शिक्षण कायद्याचं. पुढे ते कायद्याचेच प्राध्यापक झाले. 1871 पासून सरकारने त्यांना वेगवेगळ्या जिल्ह्यांत प्रीफेक्ट म्हणून पाठवलं. हे पद साधारण आपल्याकडच्या जिल्हाधिकाऱ्यासारखं. 1883 मध्ये त्यांच्याकडे सेन जिल्हा आला, म्हणजेच पॅरिस. शहराला तेव्हा महापौर नव्हता, त्यामुळे कारभार प्रीफेक्टच्या हाती असायचा.

त्या वेळी पॅरिसची लोकसंख्या 20 लाखांच्या वर गेली होती आणि घरातला कचरा थेट रस्त्यावर ओतला जायचा. रात्री पाठीवर टोपली, हातात कंदील आणि आकडा घेऊन कचरावेचक यायचे. चिंध्या, हाडं, काच असं विकण्याजोगं काढून न्यायचे. उरलेलं सकाळी घोडागाडीत भरलं जायचं.

24 नोव्हेंबर 1883 ला पुबेल यांनी आदेश काढला. प्रत्येक इमारतीच्या मालकाने भाडेकरूंसाठी स्वखर्चाने झाकणाचे डबे ठेवायचे. आकार 40 ते 120 लिटर. आणि डबे एक नाही, तीन. एकात कुजणारा कचरा, दुसऱ्यात कागद आणि चिंध्या, तिसऱ्यात काच, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले. थोडक्यात, ओला-सुका वेगळा करा हा नियम पॅरिसमध्ये 1884 च्या जानेवारीत लागू झाला!

लोक खूश झाले असतील असं वाटतं ना? झालं उलटंच. घरमालकांना खर्च नको होता. रखवालदारांना रोज डबे बाहेर काढायचं नवं काम लागलं. सगळ्यात मोठा फटका बसणार होता हजारो कचरावेचकांना, कारण त्यांची कमाईच झाकणाखाली जाणार होती. वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली आणि डब्याला चिडून पुबेल यांचंच नाव दिलं. मार्च 1884 मध्ये सुधारित आदेश काढावा लागला.

झाकणाचा डबा टिकला, पण तीन डब्यांत वर्गीकरण काही रुजलं नाही. डबा दारातच असल्याने कचरा त्यात टाकणं सोपं होतं. वेगळा करण्यात मात्र घरच्यांना नुसता त्रास दिसत होता. आणि हे काम ज्यांना येत होतं, त्या कचरावेचकांना या योजनेत जागाच नव्हती. काच वेगळी गोळा करायला पॅरिसला पुढे जवळपास शंभर वर्षं लागली.

पुबेल मात्र थांबले नाहीत. 1892 मध्ये कॉलराची साथ आली. त्यानंतर प्रत्येक इमारतीचं सांडपाणी गटारवाहिनीला जोडण्यासाठी त्यांनी जोर लावला आणि 1894 मध्ये तसा कायदा झाला. घरमालक पुन्हा चिडले, हे वेगळं सांगायला नको.

1896 मध्ये त्यांनी पॅरिसचा कारभार सोडला. पुढे ते व्हॅटिकनमध्ये फ्रान्सचे राजदूत होते. निवृत्तीनंतर दक्षिण फ्रान्समध्ये द्राक्षमळ्यांत रमले. 1907 मध्ये त्यांचं निधन झालं.

चिडवण्यासाठी दिलेलं नाव तोवर शब्दकोशात जाऊन बसलं होतं. आजही फ्रेंचमध्ये कचऱ्याच्या डब्याला 'पुबेल'च म्हणतात.

आज डब्यात सेन्सर बसवणाऱ्यांनाही पुबेल यांच्यासमोरचाच प्रश्न सोडवायचा आहे. कचरा वेगळा करून घरच्यांना काय मिळणार, आणि ज्यांचं पोट त्याच कचऱ्यावर आहे त्यांचं काय होणार?