पुराणकथांना संदर्भाची शिस्त लावणारे चित्रावशास्त्री

शालेय प्रश्नमंजूषेत पुराणकथांवरील प्रश्न हमखास असतो आणि उत्तरावरून वादही होतो. भरत कोणाचा पुत्र, या प्रश्नाला दशरथ, दुष्यंत व ऋषभदेव ही तिन्ही उत्तरे बरोबर ठरतात. अशा वेळी निवाड्यासाठी उघडावा असा ग्रंथ मराठीला दिला तो विद्यानिधी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी.

१८९४ साली जन्मलेल्या चित्रावशास्त्रींची कर्मभूमी पुणे. ऋग्वेदाचे मराठी भाषांतर करणाऱ्या या वेदाभ्यासकाचा ‘प्राचीन चरित्रकोश’ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. वेद, ब्राह्मणग्रंथ, रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील व्यक्तींची चरित्रे त्यांनी अकारविल्हे मांडली. एकाच नावाच्या अनेक व्यक्तींना स्वतंत्र क्रमांक दिले आणि माहितीसोबत मूळ ग्रंथांचे आधार नोंदविले. त्यामुळे ऐकीव कथा पडताळून पाहता येऊ लागली. पुढे १९३७ मध्ये मध्ययुगीन आणि १९४६ मध्ये अर्वाचीन चरित्रकोश सिद्ध झाला.

१९६४ मध्ये प्राचीन चरित्रकोशाची हिंदी आवृत्ती निघाली. पोलाद कारखान्यामुळे भिलाईच्या सेक्टर ६ सारख्या वसाहतींत अनेक प्रांतांतील कुटुंबे स्थिरावली. तेथे हिंदीतून शिकणाऱ्या मराठी मुलांनाही हे ज्ञानभांडार त्यामुळे खुले झाले.

चित्रावशास्त्रींचे १९८४ मध्ये निधन झाले. पुराणातील प्रश्नाचे उत्तर देताना ते कोणत्या ग्रंथातील, हेही सांगावे लागते, हा त्यांच्या कोशाचा धडा प्रश्नमंजूषेच्या स्पर्धकांना व परीक्षकांना आजही उपयोगी आहे.