कवडीचा हिशेब सांगणारे भास्कराचार्य

अपूर्णांक म्हटला की आपल्या वर्गात निम्मी मुले खिडकीबाहेर बघायला लागतात. म्हणून या वेळी ज्यांनी अपूर्णांकाची गणिते गोष्टीसारखी सांगितली, त्या भास्कराचार्यांची माहिती देत आहोत. पालकांनीही वाचावी.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ साली झाला. हे साल त्यांनी स्वतःच ग्रंथात लिहून ठेवले आहे. वडिलांचे नाव महेश्वर, आणि तेच त्यांचे गुरू. गाव विज्जडविड, सह्याद्रीच्या आश्रयाला. हे गाव नेमके कुठले यावर विद्वानांचे एकमत नाही. कोणी विजापूर म्हणतात, कोणी जळगाव जिल्ह्यातले चाळीसगावजवळचे पाटण म्हणतात. पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, त्याचे पुढे येईलच.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धांतशिरोमणी' हा मोठा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. लीलावती ही त्यांची मुलगी होती अशी गोष्ट सांगतात. अकबर बादशहाच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ साली लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती गोष्ट आहे. भास्कराचार्यांनी मात्र तसे कुठे लिहिलेले नाही.

लीलावती सगळी श्लोकांत आहे. त्यात हंस आहेत, भुंगे आहेत, मोर आणि साप आहेत. आणि एक कंजूष माणूसही आहे! त्याच्या दारी याचक आला. त्याने किती द्यावे? द्रम्म नावाचे नाणे होते, त्याच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाचा पाऊण भाग, त्याचा एक-पंचमांश, त्याचा सोळावा भाग आणि त्याचा पुन्हा चौथा भाग. ऐकूनच दमायला होते. अंशांचा गुणाकार ६, छेदांचा गुणाकार ७६८०. म्हणजे ६/७६८०. एवढे मोठे आकडे बघून वाटते, बरेच दिले असेल बुवा. पण अंशाला आणि छेदाला ६ ने भागा. उरतो १/१२८०. आता त्या काळचे कोष्टक घ्या: २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म. २० गुणिले ४ गुणिले १६ बरोबर १२८०. म्हणजे पठ्ठ्याने दिली फक्त एक कवडी! ६/७६८० आणि १/१२८० हे सममूल्य अपूर्णांक आहेत, किंमत तीच, पण कंजूषपणा दिसतो तो दुसऱ्यात.

भास्कराचार्यांना त्रैराशिक फार आवडायचे. तीन राशी माहीत, चौथी काढायची. त्यांचे एक उदाहरण केशराचे आहे. ३/७ निष्काला अडीच पळे केशर मिळते, तर ९ निष्कांना किती? (निष्क हे नाणे आणि पळ हे वजन.) पाटीवर असे करता येते. ९ चा छेदही ७ करून घ्या, म्हणजे झाले ६३/७. आता ३/७ आणि ६३/७ यांचे छेद सारखे आहेत, तेव्हा नुसते अंश बघायचे. ३ ची २१ पट ६३. पैसे २१ पट तर केशरही २१ पट. अडीच गुणिले २१ म्हणजे साडेबावन्न पळे. छेद सारखे करण्याला ते समच्छेद म्हणत. रीत तीच, जी आज आपण फळ्यावर करतो.

आता बैलगाडीच्या चाकाकडे या. चाकाला लोखंडी धाव बसवायची तर व्यासावरून परीघ काढावा लागतो. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटांनी सांगितले होते की व्यास २०००० असेल तर परीघ जवळजवळ ६२८३२ येतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत हेच प्रमाण ३९२७/१२५० असे येते. ६२८३२ ला १६ ने भागा, ३९२७. २०००० ला १६ ने भागा, १२५०. प्रमाण तेच, पण पाठ करायला सोपे. त्यांनी आणखी एक सांगितले, २२/७, आणि ते स्थूल म्हणजे कामचलाऊ आहे हेही बजावले. आम्हांला हे फार आवडले. २२/७ हा ३९२७/१२५० चा सममूल्य आहे का? तिरका गुणाकार करा. २२ गुणिले १२५० बरोबर २७५००. ७ गुणिले ३९२७ बरोबर २७४८९. अकराचा फरक! गाडीच्या चाकाला तो जाणवणार नाही. पण १२५० हात व्यासाचे वर्तुळ आखले तर २२/७ ने परीघ दीड हाताहून थोडा जास्त येईल. आणि भास्कराचार्य तर ग्रहांचे गणित करणारे.

इ. स. ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिले. मुलगा लक्ष्मीधर विद्वान निघाला. नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला. छापखाने नव्हते तेव्हाची गोष्ट ही. शिकवणारा आणि शिकणारा नसेल तर ग्रंथ गेलाच समजा.

तो शिलालेख या मठाचाच आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी यांनी तो प्रकाशात आणला. त्यातला काही भाग जुन्या मराठीत आहे, बरं का! मठाचा खर्च कसा चालावा तेही त्यात कोरले आहे. गावात तेलाचे जितके घाणे चालतील, तितक्या पळ्या तेल मठाला द्यावे. एका घाण्याला एक पळी. आणि मोजताना माप मठाचेच वापरावे.