कुंडीतला वाटाणा

दादासाहेब फाळक्यांचं नाव निघालं की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. मला मात्र आधी आठवतो तो कुंडीतला वाटाणा. १९१२ साली विलायतेहून नवा कोरा कॅमेरा मागवलेल्या या बेचाळीस वर्षांच्या गृहस्थांनी त्याच्यासमोर पहिल्यांदा ना राजा उभा केला, ना देव. कुंडीत वाटाणा पेरला, त्यावर कॅमेरा रोखला आणि थोडी थोडी फिल्म खर्च करत महिनाभर त्या रोपाची राखण केली. पडद्यावर ती फिल्म चालवली तेव्हा कोंब वर आला, पानं फुटली, वेल चढू लागला. महिन्याभराची वाढ मिनिटभरात डोळ्यांपुढे! बी रुजताना आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे, पण वाढताना कुणी पाहिलं होतं?

त्र्यंबकेश्वरच्या शास्त्र्यांच्या घरात १८७० साली जन्मलेला हा मुलगा एका जागी ठरणारा नव्हताच. मुंबईचं जे. जे. स्कूल, मग बडोद्याचं कलाभवन. चित्रकला झाली, छायाचित्रण झालं, छपाई झाली. गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ थाटला, तर प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, राजा रविवर्म्यांच्या छापखान्याचं काम, स्वतःचा छापखाना, त्यासाठी जर्मनीची वारी आणि भागीदारांशी बिनसल्यावर तोही सोडला. मधल्या काळात जादूचे प्रयोगसुद्धा केले. फाळके हे आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा झाले! शेजारपाजारच्यांनी याला धरसोड म्हटलं असेल. मला त्यात एकच ओढ दिसते. जे पाहून थक्क व्हायचं, ते उघडून आत काय आहे हे बघितल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे.

१९१०-११च्या सुमारास गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि तिथेच पुढचं आयुष्य ठरलं. समोर ख्रिस्त हलत होता, यांच्या मनात राम-कृष्ण चालू-बोलू लागले. मग पत्नी सरस्वतीबाईंना घेऊन तोच खेळ पुन्हा पाहिला. त्यानंतर दिवसरात्र एकच वेड. चित्रपट पाहायचे, फिल्मचे तुकडे न्याहाळायचे, झोपेला रजा. व्हायचं तेच झालं, डोळे गेले. उपचारांनी दृष्टी परत आली हे आपलं सर्वांचंच नशीब. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी लंडन गाठलं. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांशी ओळख काढली, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटाचं काम पाहिलं आणि विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर देऊन परतले.

वाटाण्याच्या वेलाने व्यवहारातही हात दिला. ती फिल्म पाहून पैसा लावणाऱ्यांचा विश्वास बसला. तरी तेवढ्याने भागेना. सरस्वतीबाईंचे दागिने कामी आलेच. या बाईंविषयी आपण फारच कमी बोलतो. कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडावी लागत, तीही अंधारात, चाचपडत. ते काम त्या करत. शिवाय चित्रीकरणाच्या अख्ख्या गोतावळ्याचा स्वयंपाक त्यांच्याकडे. नवऱ्याच्या कुतूहलाची किंमत घरातली बाई मोजत होती. ते कुतूहल तिनेही आपलं मानलं होतं, एवढं मात्र कबूल करायला हवं.

तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंक्यांना लुगडं नेसवलं. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर हेच साळुंके राम आणि हेच सीता! दोन वर्षांनी आलेल्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची छोटी मंदाकिनी कृष्ण झाली. त्याच्या सुरुवातीची गंमत मला फार आवडते. आधी पडद्यावर साध्या वेशातली मंदाकिनी दिसते, चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव करून दाखवते आणि पाहता पाहता तिचा कृष्ण होतो. म्हणजे ही आमची पोर आहे, हे आधीच सांगून टाकायचं आणि तरीही प्रेक्षकाचे हात जोडायला लावायचे. चित्रपट कसा तयार होतो, यावरही त्यांनी एक छोटी फिल्म काढली होती. कोणता जादूगार आपली पोतडी अशी उघडी करतो?

धंदा मात्र त्यांना मानवला नाही. हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी खटके उडाले, रुसून काशीला जाऊन राहिले, परतलेही. मग बोलपट आला. ‘गंगावतरण’ हा त्यांचा बोलपट १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी झाला. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या हातून चित्रपट झाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात ते वारले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सरकारने सुरू केला, तो त्यानंतर पंचवीस वर्षांनी.