फ्रान्सिस्को मोरासान : भंगलेल्या संघराज्याचा अध्यक्ष

१५ सप्टेंबर १८२१ रोजी ग्वातेमाला शहरात मध्य अमेरिकेचे स्पेनपासूनचे स्वातंत्र्य घोषित झाले. एकवीस वर्षांनी, नेमक्या त्याच दिवशी, त्या प्रदेशाच्या संघराज्याचा माजी अध्यक्ष फ्रान्सिस्को मोरासान याला कोस्ता रिकातील सान होसे येथे गोळ्या घालण्यात आल्या. या दोन दिवसांच्या दरम्यान एका राजकीय स्वप्नाचा उदय आणि अस्त सामावलेला आहे.

मोरासानचा जन्म ३ ऑक्टोबर १७९२ रोजी होंडुरासमधील तेगुसिगाल्पा येथे झाला. औपचारिक शिक्षण त्याला फारसे लाभले नाही. दिओनिसिओ दे एर्रेरा या विद्वान गृहस्थाच्या ग्रंथसंग्रहाने ती उणीव भरून काढली. तेथेच फ्रेंच प्रबोधनाच्या विचारांशी त्याचा परिचय झाला. १८२४ साली एर्रेरा होंडुरासचा राज्यप्रमुख झाला आणि मोरासान त्याचा सचिव. त्याच वर्षी ग्वातेमाला, एल साल्वादोर, होंडुरास, निकाराग्वा व कोस्ता रिका या पाच राज्यांच्या संघराज्याची घटना संमत झाली.

संघराज्याचा पहिला अध्यक्ष मानुएल होसे आर्से याने १८२७ मध्ये होंडुरासवर सैन्य पाठवून एर्रेराला पदच्युत केले. पुस्तकांत रमणारा सचिव या प्रसंगाने सेनानी बनला. ला त्रिनिदादच्या लढाईत त्याने विजय मिळविला आणि १८२९ च्या एप्रिलमध्ये ग्वातेमाला शहर जिंकले. पुढील वर्षी तो संघराज्याचा अध्यक्ष म्हणून निवडला गेला.

आर्चबिशप व धार्मिक संघ यांना त्याने १८२९ मध्येच देशाबाहेर घालविले होते. अध्यक्षपदाच्या काळात धर्मस्वातंत्र्य कायद्याने मान्य झाले, आणि राजधानी सान साल्वादोरला हलविण्यात आली. ग्वातेमालात त्याचा सहकारी मारियानो गाल्वेस याने ज्यूरीपद्धती व नागरी विवाह रूढ करण्याचा यत्न केला. परंतु हे सारे वरून आलेले होते. ग्रामीण इंडियन समाजाला नवे कर जाणवले, नवे हक्क जाणवले नाहीत. शिवाय संघ-शासनाचा खजिना सदैव रिता असे आणि राज्ये आपापला महसूल सोडावयास तयार नसत.

१८३७ मध्ये कॉलऱ्याची साथ पसरली. शासनाने पाण्यात विष कालविल्याची अफवा खेड्यापाड्यांत उठली आणि तिच्यातून राफाएल कार्रेरा याचे बंड पेटले. १८३८ मध्ये संघाच्या काँग्रेसने राज्यांना आपापल्या मार्गाने जाण्याची मुभा दिली. १८४० च्या मार्चमध्ये कार्रेराने मोरासानचा ग्वातेमाला शहरात पराभव केला व त्याला देशत्याग करावा लागला.

१८४२ मध्ये तो परतला आणि कोस्ता रिकाचा राज्यप्रमुख झाला. संघराज्याच्या पुनःस्थापनेसाठी त्याने तेथे सैन्यभरती व करवसुली आरंभिली. ज्या जनतेच्या ऐक्यासाठी हा खटाटोप चालला होता, तीच सप्टेंबरमध्ये त्याच्याविरुद्ध उठली. ऐक्य रक्षिण्यासाठी त्याने शस्त्र हाती घेतले होते. पण त्या शस्त्रामुळेच राज्यांना ऐक्याचे भय वाटू लागले. त्याच्या जीवनाची शोकांतिका या विसंगतीत आहे.

मृत्युपत्रात त्याने मारेकऱ्यांना क्षमा केली आणि आपला देह एल साल्वादोरच्या स्वाधीन केला. हुस्तो रुफिनो बार्रिओस याने १८८५ मध्ये ऐक्याचा प्रयत्न पुन्हा बळानेच केला आणि तोही रणांगणावर पडला. पाच राज्ये पाच राष्ट्रे म्हणूनच राहिली. तरीही होंडुरास व एल साल्वादोर या दोन्ही देशांत एकेका प्रांताला मोरासानचे नाव आहे, आणि पाब्लो नेरूदाने ‘कांतो हेनेराल’ या महाकाव्यात लॅटिन अमेरिकेच्या मुक्तिदात्यांमध्ये त्याला स्थान दिले आहे. राज्यशास्त्राने ज्याला अयशस्वी ठरविले, त्याला काव्याने आपलेसे केले.