नेबवर्थचे लिटन

आपल्या पिढीने शाळेत लिटनला पाठ केलेलं आहे. १८७७ चा दिल्ली दरबार, १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा, पाच गुणांचा हमखास प्रश्न! त्यानंतर मी त्याला साफ विसरले. पुढे इंग्लंडला आलो आणि एका रविवारी मुलांना डायनोसॉर दाखवायला हर्टफर्डशायरमधल्या नेबवर्थला गेलो. डायनोसॉर बागेत होते. पाऊस आला म्हणून वाड्यात शिरलो, तर समोर दिल्ली दरबाराच्या वस्तू मांडलेल्या! "अरे, हा तर आपला लिटन," असं मी जवळजवळ ओरडलेच. तिथल्या बाईंनी हसून सांगितलं की या घराचा खरा प्रसिद्ध माणूस तो नव्हे, त्याचे वडील. गूढविद्येच्या नादाचा कादंबरीकार एडवर्ड बुलवर-लिटन. त्या दिवसापासून मी या बापाच्या मागे लागले.

एडवर्डचा जन्म २५ मे १८०३ चा, लंडनचा. चार वर्षांचा असताना वडील, जनरल बुलवर, वारले. आई एलिझाबेथ लिटन ही नेबवर्थची वारसदार, करारी आणि धाकट्या मुलावर फार जीव असलेली. मुलगा केंब्रिजला गेला, १८२५ मध्ये कवितेसाठी सुवर्णपदक घेऊन आला. आणि १८२७ मध्ये त्याने आईच्या मनाविरुद्ध रोझिना व्हीलर या आयरिश मुलीशी लग्न केलं. रोझिनाची आई स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारी, बोलणारी. आईसाहेबांनी मुलाचा खर्चाचा पैसा बंद केला.

मग पोटासाठी लिहिणं आलं. लिहिलं तरी किती! 'पेलहॅम' (१८२८) इतकी गाजली की पुरुषांनी संध्याकाळच्या समारंभाला काळे कपडे घालण्याची रीत तिच्यामुळे रूढ झाली असं म्हणतात. 'द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई' १८३४ ची, 'रिएन्झी' १८३५ ची, जिच्यावरून व्हागनरने ऑपेरा केला. तो डिकन्सचा मित्र. त्याच्या सल्ल्यावरून डिकन्सने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट बदलला, आणि एका मुलाला त्याचं नाव ठेवलं. लेखणीला तलवारीहून वरचढ ठरवणारं ते वचन आपण शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहीत होतो, तेही याच्याच 'रिशेल्यू' (१८३९) नाटकातलं. आज मात्र त्याची कादंबरी सहसा कुणी वाचत नाही. एका कादंबरीच्या वादळी रात्रीच्या सुरुवातीची इतकी थट्टा झाली की १८८२ नव्हे, अगदी अलीकडे, १९८२ मध्ये, कॅलिफोर्नियात सर्वात वाईट पहिल्या वाक्याची स्पर्धाच त्याच्या नावाने निघाली.

मला मात्र 'झनोनी' (१८४२) वाचनालयात मिळाली आणि मी ती सोडली नाही. भाषा जडच, पण आतली गोष्ट आपल्याला ओळखीची वाटते. दोन सिद्धपुरुष, हजारो वर्षं जगलेले. एक उतावळा शिष्य, अधिकार नसताना गुरूच्या खोलीतलं अमृत हुंगतो आणि उंबरठ्यावरची एक भयंकर आकृती त्याच्या मागे लागते. नाथपंथाच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला हे काही नवीन नाही! आणि सिद्ध झनोनी स्वतः नेपल्सच्या एका गायिकेच्या प्रेमात पडतो, तिच्यासाठी अमरत्व सोडतो आणि फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत तिच्या जागी गिलोटिनखाली जातो.

हे लिहिणाऱ्याच्या घरात काय चाललं होतं? १८३६ मध्ये नवराबायको विभक्त झाले होते. दोन वर्षांनी मुलं, एमिली आणि रॉबर्ट, आईकडून काढून घेतली गेली. त्या काळच्या कायद्यात मुलांवर हक्क बापाचा. रोझिनाने १८३९ मध्ये कादंबरी लिहून नवऱ्याचे वाभाडे काढले. एमिली १८४८ मध्ये लंडनच्या एका भाड्याच्या खोलीत तापाने गेली, अवघी एकोणीस वर्षांची. मला त्याच्या साऱ्या चरित्रात हीच जागा ओलांडता येत नाही. ज्याने अमृताची पानंच्या पानं लिहिली, त्याची मुलगी अशी जावी.

आई १८४३ मध्ये वारल्यावर नेबवर्थ त्याच्याकडे आलं. त्याने वाड्याला मनोरे, घुमट आणि विचित्र तोंडाचे प्राणी लावले. इथे मृतात्म्यांना बोलावणारा डॅनियल होम येऊन गेला, फ्रेंच मांत्रिक एलिफास लेव्हीशी त्याची ओळख होती. तो भोळा भाविक मात्र नव्हता. गूढामागे निसर्गाचाच एखादा अज्ञात नियम असणार, असं त्याचं मत. एका रोझिक्रूशियन मंडळाने न विचारता त्याला आपला आश्रयदाता जाहीर केलं, तेव्हा त्याने तक्रार केली.

१८५८ मध्ये तो वसाहतमंत्री झाला. मंत्री झाल्यावर फेरनिवडणूक लागे. हर्टफर्डच्या त्या सभेत रोझिना येऊन उभी राहिली आणि तिने भर गर्दीत नवऱ्याची लाज काढली. काही दिवसांतच तिला वेडी ठरवून वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. वर्तमानपत्रांनी ओरड केली, तेव्हा तीन आठवड्यांच्या आसपास तिची सुटका झाली. या गोष्टीला माझ्या मते कसलीच सबब नाही. तिला सोडवलं ते वर्तमानपत्रांनी, हे लक्षात ठेवा.

१८७१ मध्ये त्याने निनावी 'द कमिंग रेस' लिहिली. जमिनीखाली राहणारे लोक, 'व्रिल' नावाची त्यांची महाशक्ती, आणि पुरुषांहून उंच, बळकट बायका, लग्नाची मागणी त्यांनीच घालायची! या व्रिलवरूनच गोमांसाच्या अर्काला बोव्हरिल नाव पडलं. (ती बाटली आपल्या घरी यायचा प्रश्नच नाही.) १८ जानेवारी १८७३ ला टॉर्की इथे तो वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला.

तीन वर्षांनी डिझरायलीने त्याच्या मुलाला, रॉबर्टला, हिंदुस्थानात व्हाइसरॉय म्हणून पाठवलं. सोलापूर-नगरकडे माणसं दुष्काळाने मरत असताना दिल्लीला दरबार भरला. पुण्याहून सार्वजनिक काका जोशी तिथे खादीच्या कपड्यांत गेले होते. पुढच्याच वर्षी देशी भाषांतल्या पत्रांकडून जामीन घेण्याचा कायदा झाला. इंग्रजी पत्रं मोकळी, बांधली गेली ती मराठी, बंगाली वगैरे. बापाने लेखणीचं बळ सांगितलं, मुलाला ते नको इतकं पटलेलं दिसतं. आणि याच व्हाइसरॉयच्या कारकिर्दीत, फेब्रुवारी १८७९ मध्ये, मॅडम ब्लाव्हाट्स्की मुंबईला उतरल्या आणि गिरगावात राहिल्या. त्या बापाच्या 'झनोनी'च्या चाहत्या. मुलाचे पोलीस रशियन हेर समजून त्यांच्यावर पाळत ठेवून होते.

तो कायदा १८८२ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रोझिना वारली. तिच्या थडग्यावर दगड बसला तो १९९५ साली, खापरपणतवाने बसवलेला.