मुखातील गाणे कागदावर आणणारे पंडित विष्णु नारायण भातखंडे



पवित्र शास्त्रातील बाविसाव्या स्तोत्राच्या मस्तकी एका चालीचे नाव दिलेले आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या ध्यानात असेल. ती चाल पहाटेच्या हरिणीच्या नावाने ओळखली जात असे. मंदिरातील गवयांस ती इतकी परिचित होती की, नुसते नाव लिहिले म्हणजे पुरे होई. आज त्या स्तोत्राचे शब्द आपणांजवळ आहेत आणि अनेक भाषांत ते वाचले जात आहेत. परंतु ती चाल कशी होती हे खात्रीने सांगू शकेल असा मनुष्य पृथ्वीवर उरलेला नाही. शब्द लेखणीने राखिले. चाल मुखावर सोपविली. आणि ती मुखे मातीस मिळाली तेव्हा चालही गेली.

आपल्या मंडळ्यांतही असेच घडत आहे. आपल्या हाती जे गीतपुस्तक असते त्यात बहुधा शब्दच असतात. चाल एखाद्या वृद्ध भजनी बंधूच्या कंठात, किंवा जात्यावर ओव्या म्हणत आलेल्या एखाद्या आजीच्या स्मरणात असते. ती व्यक्ती प्रभूमध्ये निद्रिस्त झाली म्हणजे पुढल्या प्रभूच्या दिवशी पेटी वाजविणारा तरुण नुसता सूर चाचपीत बसतो, आणि मंडळी तेच गीत दुसऱ्या कोणत्या तरी चालीवर कसेबसे म्हणून घेते. या हानीवर उपाय शोधण्यात ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, अशा एका महाराष्ट्रीय गृहस्थाचे चरित्र आज सांगावयाचे योजिले आहे. ते आपल्या धर्माचे नव्हते. तथापि त्यांच्या उद्योगापासून आपणांस शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. घरची स्थिती साधारण होती. बालपणीच त्यांस गाण्याची गोडी लागली, आणि विद्यार्थिदशेत ते वल्लभदास नावाच्या गुरूंजवळ सतार शिकू लागले. त्या काळी प्रतिष्ठित घरातील मुलाने गाण्याबजावण्याच्या नादी लागणे लोकांस रुचत नसे. परंतु विष्णुपंतांनी विद्याभ्यासही सोडला नाही आणि सतारही सोडली नाही. 1885 साली ते बी. ए. झाले, 1887 साली वकिलीची परीक्षा उतरले, आणि काही काळ कराचीस व नंतर मुंबईस वकिली करू लागले.

मुंबईत पारशी लोकांनी चालविलेली गायन उत्तेजक मंडळी नावाची एक संस्था होती. 1884 च्या सुमारास विष्णुपंत तिचे सभासद झाले. तेथे रावजीबुवा बेलबागकर यांजपासून त्यांनी पुष्कळ ध्रुपदे घेतली, आणि अली हुसेन वगैरे उस्तादांपासून ख्याल घेतले. शिकता शिकता त्यांच्या मनात एक शंका उत्पन्न झाली. एकच राग एक गवई एका प्रकारे गातो, दुसरा दुसऱ्या प्रकारे गातो. दोघेही आपलेच खरे म्हणतात. आणि कारण विचारिले तर आमच्या गुरूने असे शिकविले, यापलीकडे कोणाजवळ उत्तर नसते. तेव्हा जुन्या संस्कृत ग्रंथांत काय आहे ते पाहावे म्हणून त्यांनी ते ग्रंथ मिळवून वाचिले. परंतु ग्रंथांतील राग आणि गवयांच्या मुखातील राग यांचा मेळ बसेना. दुसरा कोणी असता तर ग्रंथ जुने म्हणून तेच प्रमाण, असे म्हणून स्वस्थ बसला असता. विष्णुपंतांनी तसे केले नाही. आज जे प्रत्यक्ष गाइले जाते ते आधी नीट गोळा करावे, मग नियम सांगावे, असा त्यांनी निश्चय केला. बिरुयातील लोकांनी ऐकलेले वचन रोज शास्त्राशी ताडून पाहिले, अशी साक्ष प्रेषितांच्या कृत्यांत आहे. असाच शोधक स्वभाव या गृहस्थांचा होता.

याच सुमारास त्यांजवर मोठी संकटे आली. 1900 साली त्यांची पत्नी वारली, आणि 1903 साली त्यांची एकुलती कन्याही गेली. घर रिकामे झाले. अशा समयी कित्येक माणसे दुःखात बुडून जातात. विष्णुपंतांनी पुन्हा संसार मांडला नाही. त्यांनी हळूहळू वकिलीचाही त्याग केला आणि राहिलेले सर्व आयुष्य या एका कामास वाहिले.

त्यांनी प्रवास आरंभिला. 1896 साली ते गुजरात व काठेवाड पाहून आले होते. 1904 साली ते दक्षिणेस मद्रास, तंजावर व मदुरा या बाजूस गेले. तेथे एट्टयपुरम् या संस्थानात त्यांस सुब्बराम दीक्षित नावाचे वृद्ध पंडित भेटले. या पंडितांनी आपल्या घराण्यातील शेकडो कृती स्वरलिपीसह त्याच वर्षी ग्रंथरूपाने छापविल्या होत्या. आपणां ख्रिस्ती लोकांस येथे एक गोष्ट जाणून आनंद होईल. हा ग्रंथ व्हावा म्हणून ज्यांनी अतिशय खटपट केली ते चिन्नस्वामी मुदलियार हे मद्रासेतील एक ख्रिस्ती सद्गृहस्थ होते. त्यांनी स्वतः 1892 पासून दक्षिणेतील गीते युरोपीय स्वरलिपीत छापण्याचा उद्योग चालविला, आणि त्यात आपले द्रव्य व आरोग्य खर्ची घातले. प्रकृती ढासळल्यावर त्यांनी एट्टयपुरमच्या राजांस विनंती केली की, वृद्ध पंडितांजवळची विद्या त्यांजबरोबर जाऊ देऊ नये.

1907 साली विष्णुपंत नागपूर, कलकत्ता, जगन्नाथपुरी, विजयानगरम् असे फिरत हैदराबादेस आले. आपले नांदेड व लातूर त्या काळी निजामाच्या राज्यात होते आणि पुढे 1948 पर्यंत राहिले. त्या राजधानीत अप्पा तुलसी या संगीतशास्त्री पंडितांशी त्यांचा परिचय झाला. पुढील प्रवासात त्यांनी प्रयाग, काशी, मथुरा, आग्रा, दिल्ली, जयपूर ही ठिकाणे पाहिली. जेथे जात तेथे ग्रंथालये धुंडाळीत, विद्वानांस प्रश्न विचारीत, आणि दिवसाचा वृत्तांत रोजनिशीत लिहून ठेवीत.

परंतु सर्वांत कठीण काम गवयांपासून चिजा मिळविण्याचे होते. शेतकऱ्याच्या घरी जसे बियाणे, तशी गवयाच्या घरी चीज. तीवर त्याचे पोट चालते. ती तो परक्यास सहज देत नाही. विष्णुपंतांनी कोठे द्रव्य दिले, कोठे आर्जव केले, कोठे शिष्यत्व पत्करिले. रामपूरच्या नबाबांचे शिष्य होऊन त्यांनी त्या दरबारची विद्या मिळविली. जयपूरच्या महंमद अली खाँ यांच्या घराण्यातील शेकडो चिजा त्यांनी घेतल्या, आणि त्या कामी त्या वेळी नवीन असलेल्या फोनोग्राफ यंत्राचाही उपयोग केला.

या कामाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमची पिढीजात ठेव बाजारात मांडली गेली, असे कित्येक गवयांस वाटले, आणि ती तक्रार सर्वस्वी खोटी होती असे म्हणता येत नाही. शिवाय शास्त्र न जाणणाऱ्या उस्तादांविषयी विष्णुपंतांची लेखणी कधी कधी फार कठोर होत असे. ज्यांच्या मुखातून त्यांनी घेतले, त्यांपैकी पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. तरी विद्या त्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या उपाशी राहून सांभाळिली होती. लिहिणाऱ्याने गाणाऱ्याचा मान राखावा, हा धडा आपण त्यांच्या गुणांबरोबरच त्यांच्या दोषांपासूनही घेतला पाहिजे.

एवढे गोळा करून त्यांनी ते आपल्या पेटीत कुलूप लावून ठेविले नाही. प्रथम त्यांनी संस्कृतात लक्ष्यसंगीताचा ग्रंथ लिहिला, परंतु त्यावर स्वतःचे नाव न घालता चतुर पंडित असे टोपणनाव घातले. नंतर मराठीत हिंदुस्थानी संगीत पद्धति हा ग्रंथ चार भागांत लिहिला. तो गुरुशिष्यांच्या संभाषणाच्या रूपाने रचिलेला आहे, आणि त्यावरही विष्णुशर्मा असे दुसरेच नाव आहे. यात त्यांनी सर्व राग बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी व तोडी या दहा थाटांत लाविले. काही राग या वाटणीत नीट बसत नाहीत असा आक्षेप जाणते आजही घेतात. तथापि शिकणाऱ्यास आरंभी या वाटणीचा मोठा आधार होतो. शेवटी त्यांनी क्रमिक पुस्तक मालिका सहा भागांत सिद्ध केली. तीत सुमारे 1800 चिजा स्वर व ताल यांसह लिहिलेल्या आहेत. आज देशात कोठेही संगीत शिकविले जात असले तरी ही पुस्तके बहुधा तेथे असतात.

त्यांची लिपी अगदी सोपी आहे. शुद्ध स्वरास काही खूण नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ. खालच्या सप्तकाच्या स्वराखाली टिंब, वरच्या सप्तकाच्या स्वरावर टिंब. स्वर लांबवावयाचा तर पुढे लहान आडवी रेघ, आणि शब्दाचे अक्षर लांबवावयाचे तर अवग्रहाची खूण. समेवर फुली, खालीवर शून्य, इतर टाळ्यांवर आकडे. आपल्या भजनांत नेहमी वाजणारा केरवा घ्या. त्याच्या आठ मात्रा. चार चार मात्रांचे दोन भाग, मध्ये उभी रेघ. पहिल्या मात्रेखाली फुली, पाचवीखाली शून्य. शाळेच्या पाटीवरही हे लिहिता येते. त्यांच्या आधी बडोद्यास मौलाबक्ष यांनी, आणि त्यांच्याच काळी विष्णु दिगंबर पलुसकर यांनी आपापल्या स्वरलिपी चालविल्या होत्या. परंतु लिहिण्यास सुलभ म्हणून भातखंडे यांची लिपी फार पसरली.

1916 साली बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या आश्रयाने त्यांनी पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरविली. 1918 साली ग्वाल्हेरीस आणि 1926 साली लखनौस त्यांच्या पद्धतीने शिक्षण देणारी विद्यालये निघाली. लखनौचे विद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले आहे. ज्याने आपल्या ग्रंथांवर आपले नाव लिहिले नाही, त्याचे नाव लोकांनी दगडावर कोरिले.

1933 साली त्यांस अर्धांगवायू झाला व मांडीचे हाड मोडले. शेवटची तीन वर्षे त्यांनी अंथरुणावर काढिली, आणि 19 सप्टेंबर 1936 रोजी ते मुंबईत निवर्तले. त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर यांनी लखनौचे काम पुढे चालविले.

वाचकहो, कागद काही गात नाही, हे खरे. नांदेडच्या गुरुद्वारात जो ग्रंथ पूजिला जातो, त्यातील बहुतेक रचना रागांच्या नावांखाली लाविल्या आहेत. परंतु त्या गावयास रागी मंडळींस गुरूजवळच बसावे लागते. लिहिलेला स्वर म्हणजे हाडांचा सापळा. त्यावर मांस व प्राण गाणाऱ्यानेच आणावयाचा. परंतु सापळाच नसेल तर प्राण कशावर येणार? प्रभूच्या गोष्टीही आरंभी साक्षीदारांच्या मुखीच होत्या. लूकाने त्या सर्वांचा मुळापासून शोध करून त्या अनुक्रमाने लिहिल्या, म्हणून त्या आज आपल्या खेड्यापर्यंत पोहोचल्या.

यास्तव उपदेशक बंधूंस माझी नम्र विनंती आहे. आपल्या मंडळीत सर्वांत वृद्ध गाणारा किंवा गाणारी कोण आहे, हे या आठवड्यात पाहा. त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. आदराने मागा, घाई करू नका. ध्वनी उतरून घेणारे यंत्र आज पुष्कळांच्या खिशात आहे. त्यात ती चाल घ्या, आणि मग स्वर जाणणाऱ्या एखाद्या तरुणाकडून ती वहीत लिहवून घ्या. त्या पानावर गाणाऱ्याचे नाव अवश्य घाला. पुढे ती वही मंडळीच्या पेटीत ठेवा, पण कुलूप लावून नव्हे. मुलांस तीतून शिकवा, म्हणजे त्या आजीची चाल तिच्या नातवंडांच्या मुखी देवाची स्तुती करीत राहील.