कर्नल सी. के. आणि बाकीचे

मला क्रिकेट खेळता येत नाही. पण आमच्या कॉलेजच्या टीमचं स्कोअरबुक गेली 2 वर्षं माझ्याकडे आहे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत आमच्यासारखी छोटी कॉलेजं उतरतात, तेव्हा 11 जण जमवणं हेच पहिलं काम असतं. कुणाची परीक्षा असते, कुणाच्या घरी लग्न. मग हॉकीवाल्या एखाद्या मुलाला पॅड बांधून उभं करतात. पानाच्या डोक्यावर दोन कॉलेजांची नावं लिहायची, खाली मुलांची. कुणाचं आडनाव काय आहे, यानं धावांची बेरीज बदलत नाही. म्हणून मला ते पुस्तक आवडतं.

यंदा एका सामन्याआधी समोरच्या बाजूच्या एका काकांनी माझं नाव वाचलं, माझं मराठी ऐकलं आणि हसतच विचारलं, की कॅथलिक म्हणजे मी मूळची कुठली. आता काय सांगणार? आजोबांपासून आम्ही इंदूरचेच. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. मीही हसले. पण पहिल्याच षटकातल्या 2 धावा लिहायच्या राहिल्या.

या अंकासाठी इंदूरच्या एखाद्या मोठ्या माणसावर लिहायचं ठरलं, तेव्हा मी कर्नल सी. के. नायडू निवडले ते स्कोअररच्या हौसेनं. षटकार मोजायला मिळतील, एवढाच विचार होता. वाचत गेले तसा काकांचा प्रश्न वेगळ्या रूपात पुन्हा पुढं आला. संघ बनतो, तो नक्की कशावरून?

कोट्टारी कनकय्या नायडू यांचा जन्म 31 ऑक्टोबर 1895 चा, नागपूरचा. घर तेलुगू. शिक्षण हिस्लॉपमध्ये, म्हणजे आपल्यासारख्याच मिशनच्या संस्थेत. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचं हे कॉलेज 1883 मध्ये सुरू झालं. तेलुगू घरातला हा मुलगा मिशनच्या कॉलेजच्या मैदानावर खेळत मोठा झाला.

मोठ्या क्रिकेटचं दार मात्र वेगळ्या पाटीचं होतं. त्या काळी देशातली सगळ्यात गाजलेली स्पर्धा म्हणजे मुंबईची चौरंगी. तिचे संघ गावाचे किंवा कॉलेजचे नव्हते, धर्माचे आणि जमातीचे होते. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम. 1916 मध्ये सी. के. हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरले, तेव्हा 79 धावांत 7 गडी गेले होते. पहिले 3 चेंडू त्यांनी शांतपणे अडवले. चौथा सीमेपार, षटकार! पुढं बरीच वर्षं ते हिंदू संघाकडून खेळले आणि त्याचे कर्णधारही झाले. त्यांनी ही व्यवस्था मोडली असं मी लिहिलं, तर ते खोटं ठरेल. ते त्याच व्यवस्थेत मोठे झाले.

1923 मध्ये महाराजा तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावलं आणि होळकर सैन्यात हुद्दा दिला. त्यांच्या नावामागचं कर्नल आलं ते इथूनच. तिथून ते इंदूरचे झाले, ते अखेरपर्यंत.

मग आला 1 डिसेंबर 1926. आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू संघाशी खेळत होता. या जिमखान्याचं सभासदत्व भारतीयांना मिळत नसे. खेळायला आत या, सभासद म्हणून नाही, असा तो मामला. त्या मैदानावर सी. के. यांनी 153 धावा काढल्या आणि 11 षटकार मारले. बातमी शहरभर पसरली तशी माणसं कामं टाकून धावत आली, झाडांवर आणि गच्च्यांवर चढून बसली. भारताला कसोटी दर्जा मिळावा ही चर्चा त्या दौऱ्यात खऱ्या अर्थानं सुरू झाली, आणि 1928 मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झालं.

1932 मध्ये भारताचा संघ पहिल्या कसोटीसाठी इंग्लंडला गेला. कर्णधार पोरबंदरचे महाराज, उपकर्णधार लिंबडीचे घनश्यामसिंहजी. कर्णधार राजघराण्यातलाच हवा, असा तेव्हाचा रिवाज. पण 25 जूनला लॉर्ड्सवर दोघंही खेळले नाहीत आणि नेतृत्व सी. के. यांच्याकडे आलं. भारताचा पहिला कसोटी कर्णधार असा एका राजाचा नोकर झाला. आपल्यातल्याच एकाच्या हाताखाली खेळणं संघातल्या काहींना पचलं नव्हतं, असं त्या दौऱ्याच्या हकिगतींत येतं. भारत 158 धावांनी हरला. पण पहिल्या डावातल्या 189 मध्ये सर्वाधिक 40 धावा दुखऱ्या हातानं खेळणाऱ्या सी. के. यांच्याच होत्या. दुसऱ्या वर्षी विस्डेननं निवडलेल्या 5 क्रिकेटपटूंत त्यांचं नाव आलं.

1936 च्या दौऱ्यावर कर्णधारपद पुन्हा राजघराण्याकडे, विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेलं. सी. के. साधे खेळाडू म्हणून गेले. ओव्हलवरच्या शेवटच्या कसोटीत, वयाच्या चाळिशीत, अंगावर चेंडू झेलत त्यांनी 81 धावा काढल्या. एकूण 7 कसोट्या, 350 धावा. आकडे पाहून कुणी म्हणेल, एवढंच? हो, एवढंच. कसोटीची संधी मिळाली तेव्हा ते 36 वर्षांचे होते.

पुढच्याच वर्षी मुंबईची चौरंगी पंचरंगी झाली. पाचव्या संघाचं नाव द रेस्ट, म्हणजे बाकीचे. हिंदू नाहीत, मुस्लिम नाहीत, पारशी नाहीत, युरोपियन नाहीत, असे सगळे त्यात. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू. वाचता वाचता मी थांबले. त्या काळात मी जन्मले असते आणि मुलींना खेळू दिलं असतं, तर माझा संघ हाच. याच संघाकडून सांगलीचे विजय हजारे खेळले, मराठी आणि ख्रिस्ती. 1943-44 च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध बाकीच्यांनी दुसऱ्या डावात 387 धावा केल्या. त्यातल्या 309 एकट्या हजाऱ्यांच्या! तरीही संघ डावानं हरला. बाकीच्यांनी ती स्पर्धा कधीच जिंकली नाही. 1946 मध्ये ती स्पर्धाच बंद पडली.

मुंबईत हे चाललं होतं, तेव्हा इंदूरमध्ये सी. के. एक वेगळाच संघ घडवत होते. रणजी करंडकात 1941-42 पासून होळकर या नावानं तो उतरू लागला. यशवंतराव होळकरांचा पैसा आणि सी. के. यांची शिस्त. इथल्याच मुश्ताक अलींना त्यांनी पोरवयात हेरलं आणि पुढं नेलं. मुश्ताक 19 वर्षांचे असताना सी. के. यांच्याच नेतृत्वाखाली कसोटी खेळले. चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, कमल भांडारकर, हिरालाल गायकवाड अशी नावं एकेक करून जमली. महायुद्धाच्या काळात भारतात असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही 1944-45 च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्ध नाबाद 249 करून गेला. धावफलकावर हे सगळे एकाखाली एक. वर नाव एकच, होळकर.

1944-45 ते 1954-55 या 11 हंगामांत हा संघ 10 वेळा अंतिम फेरीत पोचला आणि 4 वेळा जिंकला. 1946 मध्ये म्हैसूरविरुद्ध इंदूरलाच त्यांनी 8 बाद 912 केल्या. एका डावात 6 शतकं, त्यातलं एक पन्नाशीच्या सी. के. यांचं. ते पान ज्यानं भरलं, त्या स्कोअररचा मला खरंच हेवा वाटतो!

हार पण तशीच मोठी. मार्च 1947 मध्ये बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी 577 धावांची भागीदारी केली. हा विक्रम जवळजवळ 60 वर्षं टिकला. फाळणीला 5 महिने उरले होते. एक मराठी ख्रिस्ती आणि एक लाहोरचा मुसलमान बडोद्यासाठी उभे, आणि समोर नायडू, मुश्ताक, सरवटे इंदूरसाठी. होळकर डावानं हरले. त्या सामन्यात बाकीचे कुणीच नव्हते.

सी. के. स्वभावानं कडक. मैदानावर कुरकूर त्यांना खपत नसे, स्वतःचीसुद्धा. 1951-52 च्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर लागून त्यांचे 2 दात पडले. त्यांनी ते बाजूला सारले आणि खेळ पुढं सुरू केला. वय 56! 1956 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्याच हंगामात, 61 व्या वर्षी, ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळत होते. 14 नोव्हेंबर 1967 ला इंदूरमध्येच त्यांचं निधन झालं.

मूळचे कुठले, असं त्यांना विचारलं असतं तर? तेलुगू घर, नागपूरचा जन्म, मिशनचं कॉलेज, मुंबईत हिंदू संघ, लॉर्ड्सवर भारत. पण सगळ्यात जास्त वर्षं दिली, संघ घडवला आणि शेवटचा श्वास घेतला तो इंदूरमध्ये. जिथं माणूस रोज सकाळी सरावाला येतो, तो त्याचा संघ. मला तरी त्यांच्या आयुष्यातून एवढंच कळलं, आणि माझ्यापुरतं ते पुरेसं आहे.

आज 23 वर्षांखालील मुलांची राष्ट्रीय स्पर्धा सी. के. नायडू करंडक या नावानं खेळली जाते. आमच्या टीममधल्या दोघांना तिथं पोचायचंय. बाकीच्यांना पुढच्या सामन्याला वेळेवर पोचायचंय. सध्या 9 नावं पक्की आहेत, 2 जागा रिकाम्या. सराव रोज सकाळी साडेसहाला, कॉलेजच्या मैदानावर. कुणीही या. नाव मी लिहून घेईन, आणि मूळचे कुठले हे अजिबात विचारणार नाही.